तात्पर्य विचारू नका, म्हातारीला पुन्हा पुन्हा जंगलात पाठवा

सर, तुम्ही लिहिलंय की लातूरकडून मालवण तालुक्यात येऊन वर्ष झालं, दोनशिक्षकी शाळा आहे, पहिली-दुसरी मिळून १४ मुलं तुमच्याकडे. ट्रेनिंगमध्ये सांगितलं पारंपरिक गोष्टींतून शिकवा, म्हणून तुम्ही रोज एक नवी गोष्ट सांगता, मुलं ऐकतात छान, पण शेवटी 'यावरून आपण काय शिकलो' विचारलं की सगळी आढ्याकडे बघतात. वाचनात काडीचा फरक नाही, त्यांची मालवणी तुम्हाला अर्धीच कळते आणि वर पोरं सारखी भुतांच्याच गोष्टी मागतात. मग हे गोष्टींचं प्रकरण खरंच चालतं का की नुसतं ट्रेनिंगपुरतं असतं, असा तुमचा प्रश्न.

चालतं. पण आधी ते 'रोज एक नवी' बंद करा.

मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, आधी रत्नागिरी जिल्ह्यात आणि मग सिंधुदुर्गात, त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीवरच, आणि सुरवातीला मीही अगदी हेच करायचे. भिंतीवर चार्ट लावला होता, सांगितलेल्या गोष्टींची नावं त्यावर लिहायची, दिवाळीपर्यंत पन्नासच्या वर गेली होती आणि मला फार अभिमान वाटायचा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सहज म्हटलं, चला, आज तुम्ही मला एक गोष्ट सांगा. एकालाही पूर्ण सांगता आली नाही. ससा होता, कासव होतं, मग कावळा आला, मग मगर... सगळ्यांची मिसळ झालेली. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती भोपळ्याची परत सांगा ना, तुम्ही परत सांगीतच नाय." तेव्हा माझी ट्यूब पेटली.

घरी आजी काय करते बघा. तिच्याकडे गोष्टी असतात पाच-सहा. त्याच ती वर्षभर सांगते, मूल झोपेपर्यंत, आणि मूलही तीच मागतं, एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्याला चालत नाही. मुलाला कंटाळा येत नाही, कंटाळा येतो तो आपल्याला. त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे, एक गोष्ट किमान तीन आठवडे. वर्षात दहा-बारा गोष्टी झाल्या तरी पुष्कळ झाल्या.

आता तीन आठवडे त्याच गोष्टीचं करायचं काय, ते सांगते, म्हातारी आणि भोपळा घेऊनच सांगते कारण पहिलीला याच्याएवढी कामाची गोष्ट दुसरी मला सापडलेली नाही. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, काही ठिकाणी अस्वल पण असतं, प्रत्येकाला ती तेच सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. येताना भोपळ्यात बसून येते आणि टुणूक टुणूक. या गोष्टीचं बळ त्या पालुपदात आहे. मूल पहिल्यांदा ऐकतं, दुसऱ्या प्राण्यापाशी त्याला अंदाज येतो, तिसऱ्या प्राण्यापाशी ते तुमच्या आधीच बोलून टाकतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं, क्रम लक्षात ठेवणं, अख्खं वाक्य न अडखळता बोलणं, वाचनाला लागणारं अर्धं सामान इथेच तयार होतं आणि अजून पाटी-पेन्सिल बाहेर पण काढलेली नाही.

पहिले दोन दिवस नुसती सांगा. पुस्तक हातात नको, खुर्ची नको, खाली बसा. वाचून दाखवलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट यात फरक पडतो कारण वाचताना तुमचे डोळे कागदावर असतात, सांगताना मुलांवर, कोण कुठे हरवलं ते लगेच दिसतं. तिसऱ्या दिवसापासून चुका करायला लागा. हो, मुद्दाम. मी एकदा खरंच विसरले होते, कोल्ह्यावरून थेट वाघावर गेले, तर सगळा वर्ग उठून उभा, "बाई, अस्वल रवला!" म्हणजे अस्वल राहिलं. त्या दिवसापासून रोज एक काहीतरी गाळते नाहीतर उलटं करते, कधी भोपळ्याच्या जागी कलिंगड, कधी म्हातारी जातानाच भोपळ्यात. मुलं पकडतात आणि का चुकलं ते पटवून देतात, "आधी जाडी होऊक होई मां बाई, मगे भोपळो." हे कारण देणं आहे ना, कार्यकारणभाव म्हणून जे आपण नोंदवहीत लिहितो ते हेच.

मग वाचन. तुमची खरी काळजी इथे आहे आणि माझी सगळ्यात मोठी चूक पण इथेच झाली. मी त्या पालुपदाच्या ओळी मोठ्या अक्षरात चार्टवर लिहिल्या, मुलं काठी फिरवत धडाधडा वाचायला लागली, मी खूश, पालकसभेत वाचून पण दाखवलं. एक पोरगा तर सगळ्यात फास्ट. एकदा जवळ उभी राहून बघितलं तर त्याचं तोंड 'मग मला खा' ला पोचलं होतं आणि काठी अजून 'तूपरोटी' वर. तो वाचत नव्हताच, पाठ म्हणत होता. वर्गातले निम्मे तसेच होते. गोष्टींतून शिकवणाऱ्या शिक्षकाला हा खड्डा हमखास लागतो. पाठ होणं वाईट नाही, पाठ झालेलं असतं म्हणूनच मुलाला अक्षराशी झटापट करायला धीर येतो, पुढचा शब्द कुठला ते तोंडाला माहीत असतं, डोळ्यांनी फक्त तो कागदावर शोधायचा असतो. पण तिथेच थांबलं तर गडबड.

त्यावर मी काय केलं, ओळी कापल्या. कार्डशीटच्या पट्ट्या, एका पट्टीवर एक शब्द. लेकीकडे, जाईन, तूपरोटी, खाईन, जाडजूड, होईन. पट्ट्या मिसळून टाकायच्या आणि ओळ लावायला सांगायची. इथे पाठांतर उपयोगाला येत नाही, शब्द बघावाच लागतो. जाईन, खाईन, होईन शेजारी ठेवा आणि काही न बोलता बसा. माझ्या वर्गात दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एकीने बोट ठेवलं, "बाई, हो मागचो तुकडो सगळीकडे तोच आसा." ते 'ईन' तिने स्वतः पकडलं. मग पुढचं सोपं, पट्टीचा पुढचा भाग कात्रीने वेगळा करायचा, जा, खा, हो, आणि आता घे, ये, दे लावून बघायचं, काय होतं? घेईन, येईन, देईन. गोष्टीत नसलेला शब्द मुलं वाचायला लागली की समजा गाडी रुळावर आली. नंतर लेकीकडेच्या जागी मामाकडे, आजीकडे, मालवणाक. तूपरोटीच्या जागी जे आवडतं ते. माझ्याकडे खारवी-गाबितांची, म्हणजे मच्छीमारांची, मुलं बरीच होती, तूपरोटी म्हणजे काय हेच त्यांना धड माहीत नव्हतं, त्यांची म्हातारी लेकीकडे जाऊन बांगडे खायची, एकीची घावणे. लिहा म्हटलं तर 'लेकीकडे जाईन बांगडे खाईन जाडजूड होईन' हे वाक्य पहिलीतल्या पोरांनी डिसेंबरात स्वतःच्या हाताने लिहिलंय, र्‍हस्व-दीर्घाची बोंब होती पण लिहिलं. त्याला लाल पेन लावू नका लगेच.

जिथे मूल खरंच वाचतंय का अशी शंका येईल तिथे एक सोपी युक्ती, पट्ट्यांत एक चुकीचा शब्द घुसवा. 'मग मला खा' मध्ये 'मग मला गा'. पाठ म्हणणारा 'खा' म्हणून पुढे जातो. वाचणारा थांबतो आणि हसतो. हसला की टिक करा.

मालवणीचं आता. तुम्हाला येत नाही याला तुम्ही अडचण समजताय, मी तर म्हणेन भाग्यवान आहात. माझ्यासारख्या इकडच्या बाईने मालवणीत विचारलं तर मुलांना त्यात विशेष काही वाटत नाही, पण सरांना येत नाही आणि आपल्याला येते म्हटल्यावर पहिलीचं मूल शिक्षक होतं. वर्गात सांगून टाका, मला ही गोष्ट तुमच्या भाषेत शिकवा. तुम्ही प्रमाण मराठीत एक वाक्य म्हणायचं, त्यांनी मालवणीत. 'मला खाऊ नकोस रे वाघा' चं 'माका खाव नको रे वाघा'. दोन्ही फळ्यावर एकाखाली एक लिहा. मला-माका, तुला-तुका, कुठे-खंय, भोपळा-भोपळो, एवढ्या जोड्या महिनाभरात जमल्या की पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्यांना परकं वाटत नाही, कारण ते 'चूक बोलतात' असं न होता दोन भाषा येणारी मुलं होतात. नवीन शैक्षणिक धोरण २०२० ने पण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, त्यामुळे कोणी हटकलं तर ते पुढे करा. किनारा धरून वर गेलात तर भाषा बदलत जाते, संगमेश्वरी, मग रायगडात आगरी, पालघरात वाडवळी, मांगेली, वारली, आणि मध्ये मध्ये कातकरी वाड्या, पद्धत तीच चालते.

यात एक गंमत सांगते. येताना म्हातारी भोपळ्यातून म्हणते ना, 'म्हातारी बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक', ते मी मुलांना मालवणीत करायला दिलं. एकाने केलं, "म्हातारी बितारी माका म्हायत नाय." सगळे हो म्हणाले. थोड्या वेळाने तोच परत आला, तोंड पाडून, "बाई, जुळत नाय." काय जुळत नाही? "टुणूक जुळत नाय. ठाऊकच बरा." सहा वर्षांचं पोर, यमक हा शब्द त्याने ऐकलेला नाही, पण शेवटचा आवाज वेगळा पडला हे त्याच्या कानाला खटकलं. आवाज असे सुटे करून ऐकता आले की अक्षर-ध्वनीची जोडी लावणं सोपं जातं, म्हणून सांगते, गोष्टीतली गाणी आणि पालुपदं वगळून 'सारांश' सांगू नका कधी. गोष्टीचा सारांश म्हणजे भोपळ्याचा फक्त देठ.

आणि ते तात्पर्य.

सोडून द्या. मुलं आढ्याकडे बघतात कारण प्रश्नच आढ्यावरचा आहे. माझ्या वर्गात तर एक काळ असा होता की कुठलीही गोष्ट संपली की मी तोंड उघडायच्या आत सगळे कोरसमध्ये "खोटं बोलू नये". माकड आणि मगरीची गोष्ट सांगितली तरी तेच, आणि त्यात तर माकड सरळ खोटं बोलतं, काळीज झाडावर ठेवलंय म्हणतं, आणि म्हणून वाचतं! भोपळ्याच्या गोष्टीत पण एका पोराने बरोबर पकडलं होतं, "म्हातारेन वाघाक फसवल्यान." मग काय तात्पर्य सांगणार, फसवावं? त्यापेक्षा असं विचारा ज्याचं उत्तर मलाही माहीत नाही हे मुलांना दिसेल. वाघ त्या दिवशी उपाशी घरी गेला, बायकोला काय सांगितलं असेल? म्हातारी पुढच्या वर्षी लेकीकडे कशी जाईल? लेकीने भोपळाच का दिला, फणस का नाही दिला? या फणसावर आमच्याकडे पाऊण तास चर्चा झाली होती, काटे टोचतील, चीक लागेल, गडगडणार नाही, 'आणि वासान वाघ नाय पण कोले येतीत'. तात्पर्य विचारून कुठल्या वर्गात पाऊण तास मुलं बोलली असं मला दाखवा.

गोष्ट आधी आनंदासाठी हे काही माझं शोधलेलं नाही. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघांबरोबर तिथे नि नंतर कोसबाडला बालशिक्षण उभं केलं, शिंपले, पानं, खडे, बिया हेच साहित्य घेऊन. किनाऱ्यावरच्या शाळेला साहित्य कमी पडतं हे मला म्हणूनच कधी पटत नाही.

साहित्यावरून आठवलं, चिऊ-काऊ. चिऊचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, पाऊस आला आणि कावळ्याचं वाहून गेलं. गोष्ट सगळ्या महाराष्ट्रात सांगतात, पण कोकणातल्या मुलाला शेण आणि पाऊस दोन्हींची जेवढी माहिती आहे तेवढी कोणाला असेल. जुलैत ही गोष्ट घेतली तेव्हा एकजण म्हणाला खरंच करून बघूया. मग पडवीच्या पायरीवर दोन घरं केली, एक ताज्या शेणाचं, एक मेणबत्त्या वितळवून (ते काम माझं) त्या मेणाचं. पागोळ्यांखाली ठेवली. शेणाचं अर्ध्या तासात गेलं. सगळे खूश, गोष्ट खरी निघाली. पण एका मुलीच्या घरी गोठा होता, ती दुसऱ्या दिवशी पिशवीतून वाळलेली शेणी घेऊन आली आणि म्हणाली हिचं घर करूया. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं! कडा फुगल्या, मऊ पडलं, पण उभं. म्हणजे कावळ्याने घाई केली, घर वाळूच दिलं नाही, असा निकाल वर्गाने दिला. आणि मार्चमध्ये कोणालातरी आठवलं की चिऊचं घर उन्हात ठेवायचं राहिलंय. मेण पूर्ण वितळायला साधारण ६० अंशांच्या आसपास तापमान लागतं त्यामुळे ते वितळलं नाही, पण कातळावर दुपारी ठेवलं तर बोटाने दाबलं की दबायला लागलं, एका बाजूला कललं. "आता चिऊ कावळ्याकडे जातली." तेव्हा कावळा दार उघडेल का, या प्रश्नावर वर्गाचे सरळ दोन गट पडले. परिसर अभ्यासाचा हा पाठ कुठल्याच पुस्तकात नव्हता.

या गोष्टीचं एक मात्र बघून घ्या, काही ठिकाणी शेवटी कावळ्याला चटका बसतो, भाजतो वगैरे, आणि कावळा काळा म्हणून वाईट असा सूर सांगणाऱ्याच्या तोंडून नकळत येतो. तो मी काढून टाकते. वाघ माणूस खातो, राक्षस मारला जातो, याचं मुलांना काही वाटत नाही, ते मऊ करत बसू नका, वाघ शाकाहारी केला की गोष्टच मेली. पण रंगावरून, जातीवरून, लंगडा-बहिरा म्हणून हसणं असलेल्या जुन्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यातलं मूल आपल्यासमोर बसलेलं असतं. त्या खुशाल सोडा, परंपरेचं काही बिघडत नाही.

उंदराच्या टोपीची गोष्ट दुसरीला घ्या. चिंधी सापडते, धोब्याकडे धुऊन घेतो, शिंप्याकडे शिवून, मग गोंडे लावून, मग राजा आणि ढुम ढुम ढुमाक. यात वस्तू कशी बनते त्याची साखळी आयती आहे. आमच्या दुसरीच्या पोरांनी उंदराला टोपीऐवजी होडी दिली होती, फळी सापडते, सुताराकडे जातो, मग डांबर, मग वल्हं, मग जाळं, आणि कुठल्या टप्प्यानंतर काय यावरून त्यांनी माझीच शाळा घेतली कारण मला डांबर कधी लावतात ते माहीत नव्हतं. ही साखळी चित्रांनी करायची असेल तर तुमच्यापासून कुडाळजवळचं पिंगुळी लांब नाही, तिथली ठाकर मंडळी चित्रकथी करतात, एकेक चित्र पुढे धरत गोष्ट सांगत-गात जातात, आणि कळसूत्री बाहुल्या पण. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. सहल काढता आली तर काढा, नाही जमलं तरी पद्धत उचला. आठ कागद, आठ मुलं, प्रत्येकाने एक प्रसंग काढायचा, रांगेत उभं राहून आपापलं चित्र पुढे करत आपला तुकडा सांगायचा. मागच्याने वेळेवर चित्र पुढे केलं नाही की गोष्ट अडते, म्हणून सगळे कान देऊन असतात. बहुवर्ग असला, म्हणजे दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असल्या, की मी तिसरी-चौथीच्या मुलांना मधला कठीण तुकडा द्यायचे.

तसंच कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताराचं नाटक असतं, रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात पेंगतात. पहिल्या तासाला पाढे घेण्यात अर्थ नाही. काल काय बघितलं ते सांगा म्हणायचं, संकासुर राक्षस कसा आला, कुठे पळाला, गणपती कधी आला. झोप उडते आणि क्रमाने सांगणं पण होतं.

आजी-आजोबांना शाळेत बोलवा असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, तुम्हालाही सांगितलं असेल. बोलवाच, पण माझ्यासारखं नको. मी एका आजींना बोलावलं, त्यांच्या नातीच्या सांगण्यावरून, गोष्टींचं भांडार म्हणे. खुर्ची मांडली, फूल दिलं, माइक सुद्धा. आजी पदर सावरत बसल्या आणि तोंडातून शब्द नाही. दहा मिनिटं गेली, शेवटी 'शाळा शिका, मोठे व्हा' म्हणून उठल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर नातीनेच उपाय सांगितला, आजी काम करताना सांगते. पुढच्या वेळी पडवीत चटई टाकली, सूप आणि दोन शेर कुळीथ ठेवले, म्हटलं आजी, पोषण आहाराचे कुळीथ तेवढे निवडून द्या. हात चालायला लागले आणि तोंडही. मुलं भोवती सरकत सरकत सुपापर्यंत गेली. अडीच गोष्टी झाल्या, अर्धी राहिली कारण कुळीथ संपले.

बाहेरून आलेली मुलं असतील तर त्यांच्या घरच्या गोष्टी पण येऊ द्या. इकडे हापूसच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी कुटुंबं बरीच असतात. माझ्याकडे अशी एक मुलगी होती, वर्षभर जवळजवळ मुकी. तिच्या आईने एकदा गेटपाशी उभं राहून तिला कोल्ह्याची काहीतरी गोष्ट सांगितलेली मी ऐकली, भाषा कळली नाही पण त्यातही एक ओळ परत परत येत होती. ती ओळ आम्ही सगळ्या वर्गाने पाठ केली, अर्थ तिने खुणांनी सांगितला. त्यानंतर ती बोलायची थांबेना, मालवणीत.

भुतांचं. मी एकदा भर आषाढात, लाईट गेलेली, मुलांच्या आग्रहाखातर वेताळाची एक झकास रंगवून सांगितली. परिणाम असा की दुसऱ्या दिवसापासून एक मुलगी शाळेच्या मागच्या बाथरूमला एकटी जाईना, आठवड्याने आई-वडील शाळेत. चूक सरळ सरळ माझी होती, माफी मागितली. तेव्हापासून नियम, भुताची गोष्ट मी सांगत नाही, मुलं सांगतात, भर उजेडात, आणि सांगून झाल्यावर त्या भुताचं चित्र काढायचं. चित्रात आलेलं भूत लहान होतं, बहुतेकदा चप्पल घातलेलं असतं. देवचाराच्या गोष्टी मात्र बंद करू नका, त्या भीतीपेक्षा राखणीच्या असतात, गावाची राखण करणारा, वाट चुकलेल्याला वाटेला लावणारा. 'तुमच्या वाडीत वाट चुकलेल्याला कोण मदत करतं' इथून नकाशा काढायला सुरवात होते, व्हाळ म्हणजे ओढा, पार, देऊळ, किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायची जागा. परशुरामाने समुद्र हटवून कोकण केलं किंवा देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं असल्या गोष्टी पण सांगा, फक्त 'असं सांगतात' म्हणून सांगा. 'खरंच का बाई?' आलं तर घाईने हो पण नको, नाही पण नको, 'कसं शोधता येईल' एवढं विचारून बघा. एकाने मला सांगितलं होतं, समुद्र होता तर विहीर खणताना शिंपले निघायला हवेत, आजोबांना विचारतो.

यूट्यूबचं थोडक्यात. टीव्हीवर भोपळ्याचा कार्टून व्हिडिओ लावला की वर्ग शांत होतो हे खरंय, पण व्हिडिओ कोणासाठी थांबत नाही, आणि अस्वल राहिलं म्हणून ओरडलं तर ऐकत नाही. तीन आठवडे झाल्यावर शेवटी दाखवा आणि 'आपल्या गोष्टीत आणि यात काय वेगळं' विचारा, मग त्याचा उपयोग आहे.

केंद्रप्रमुखांना काय दाखवायचं ही भीती असते, मलाही होती. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ च्या जुलैत आलं तेव्हापासून तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि मूलभूत गणित हाच धोशा आहे आणि उद्दिष्ट २०२६-२७ चं, तर त्याच भाषेत नोंद करा. 'गोष्ट सांगितली' असं लिहू नका, 'क्रमाने चार घटना सांगितल्या', '-ईन चे पाच नवीन शब्द वाचले' असं मुलाच्या नावापुढे लिहा, पट्ट्यांचा फोटो चिकटवा. गणिताला कोल्हा पहिला, अस्वल दुसरं, वाघ तिसरा, आणि येताना उलटा क्रम, हे पण त्यात धरता येतं.

सोमवारी सुरू करणार असाल तर खरा भोपळा आणा, चित्र नको. लाल, गोल, गडगडणारा. तीन आठवडे तो वर्गात राहू दे, मुलं त्याला ढकलतील, वजन करतील, कान लावून ऐकतील. संपल्यावर पोषण आहाराच्या ताईंकडे द्या, एरवी भोपळ्याची भाजी ताटाबाहेर काढणारी पोरं त्या दिवशी खातात. फक्त कापायचा तो सगळ्यांसमोर कापा, मी एकदा परस्पर किचनमध्ये पाठवला तर पहिलीतला एकजण ताट पुढे घेईना, ताई कितीही सांगत होत्या तरी त्याचं एकच, "आत म्हातारी नाय ना ती कोणी बघल्यान?"